बापाच्या नावावरचे चौदा महिने

भाड्याचं घर बघायला गेलं की माणूस पाणी किती वाजता येतं ते विचारतो. आम्हीही विचारलं. घरमालकाने त्याचं उत्तर दिलंच नाही. माझ्याकडे नीट बघून उलट मलाच विचारलं, "बाय, तुना इंग्रजी पत्र लिवता येतं काय?"

मी तेव्हा डोंबिवलीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि नवरा ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत नोकरीला होता. मानपाड्याच्या पुढे, एमआयडीसीला लागून असलेल्या त्या चार मजली इमारतीतल्या दोन खोल्या आम्हाला परवडण्यासारख्या होत्या, म्हणून मी येतं म्हणाले. कुणाला लिहायचंय असं विचारलं तर म्हणाले, "सरकारला." कुठल्या सरकारला? "बेल्जमच्या. नायतं जर्मनीच्या. त्या म्हयन्यान जो चुकंल त्याला."

एजंट खाली बघत उभा होता. त्याला हा प्रकार ठाऊक असणार, कारण अकरा महिन्यांच्या करारात ते कलम त्यानेच टाइप केलं होतं. पाण्याचं, लाइटबिलाचं, भिंतीला खिळे न ठोकण्याचं अशी नेहमीची कलमं झाली की शेवटी: "भाडेकरूने दरमहा एक पत्र, मालक सांगतील त्याप्रमाणे, इंग्रजीत लिहून द्यावे. मजकुरात नरमाई नसावी." नवरा हसू दाबत होता. जिना उतरताना एजंट हळूच म्हणाला, "वहिनी, आधीचे बँकेतले साहेब होते ना, ते प्रत्येक पत्रात कृपया लिहायचे. काकांनी करार वाढवला नाही."

अशा रीतीने मी काकांची भाडेकरू झाले आणि त्यांची कारकूनही. काका म्हणजे तिथले मूळचे. एमआयडीसी यायच्या आधीपासून त्यांच्या घराण्याची भातशेती तिथे होती. पुढे जमिनीचे तुकडे विकले गेले, इमारती उठल्या, आणि काका न मागता घरमालक झाले. लोक शेठ म्हणायचे. काका लगेच म्हणायचे, "शेठ नाय. फिटर." इमारतीतला एकही नळ त्यांनी प्लंबरला दुरुस्त करू दिला नाही. सकाळी बनियन आणि हाफपँट घालून, हातात पाना घेऊन ते चारही मजले फिरायचे आणि ज्याच्या घरातून थेंब ऐकू येईल त्याचं दार वाजवायचे. एकदा माझ्याकडे पाहुणे जेवायला बसलेले असताना आत आले, कुणाकडेही न बघता मोरीतला नळ आवळला आणि निघून गेले. पाहुण्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हणाले, घरमालक. त्यांचा विश्वास बसला नाही.

पोस्टात जायचं असलं की मात्र काका कपाटातून निळं जाड जाकीट काढायचे. जर्मनीतल्या कारखान्याचं, कामगारांना मिळायचं ते. मे महिन्यातल्या डोंबिवलीत, कंपन्यांच्या धुराने डोळे चुरचुरत असताना, हा माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून रजिस्टर पोस्टाच्या रांगेत उभा. मी एकदा म्हटलं, काका, उकडत नाही का? म्हणाले, "उकडतं. पन कामावर जातंय ना मी."

भानगड अशी होती. आयटीआय करून काका तरुणपणी एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत कंत्राटावर फिटर म्हणून लागले. त्या कंपनीच्या परदेशी भागीदारांना पाइप जोडणारी माणसं हवी होती. गावातले पाच जण निवडले गेले, त्यांत काका. जर्मनीतल्या कारखान्यात पन्नास महिने काम केलं, मग त्याच मालकांच्या बेल्जियममधल्या कारखान्यात चौदा महिने. दोन्हीकडे पगारातून विम्याचा हप्ता कापला जायचा. मग परत आले.

जर्मनीत म्हातारपणी पेन्शन मिळायला किमान पाच वर्षं, म्हणजे साठ महिने भरावे लागतात. काकांचे पन्नास. दहा कमी. पण युरोपातल्या देशांनी आपसात ठरवून ठेवलंय की माणूस एका देशातून दुसऱ्या देशात कामाला गेला तर त्याचे महिने तुटत नाहीत. पात्रता ठरवताना एकाने दुसऱ्याकडचे महिने धरायचे आणि मग ज्याने त्याने आपापल्या वाट्याची पेन्शन द्यायची. पन्नास आणि चौदा चौसष्ट. काका पात्र. अडचण एवढीच की बेल्जियमची कचेरी म्हणत होती, या आडनावाच्या माणसाने आमच्याकडे कधी कामच केलेलं नाही. त्यामुळे तिथले चौदा गेले, आणि चौदा गेले म्हणून जर्मनीचे पन्नासही गेले. वयाची चोवीस ते एकोणतीस ही वर्षं काकांनी कुठे घालवली याचा जगात कुठेच पत्ता लागत नव्हता.

जर्मनीवाले दर पत्रात सुचवायचे की तुम्ही भरलेला तुमचा वाटा परत घेऊन टाका, तशी सोय आहे. बाकीच्या चौघांनी परत आल्या आल्या तेच केलं होतं, घरं बांधली, एकाने टेम्पो घेतला. काकांनी वाटा घेतला नाही, कारण फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एकदा वाटा परत घेतला की तेवढे महिने नोंदीतून कायमचे पुसले जातील. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला सांगायच्या, "तवा छपराची पत्रं उराली होती बाय. पावसान भांडी ठेवायचू. मी बोल्लू, घ्या ना पैसं. यो मानूस बोलतं, माजी वर्सा इकू काय?" काकूंच्या बोलण्यात त्याचा राग उरलेला नव्हता, पण विसरही पडलेला नव्हता.

पुढे जमिनी विकून घर सुस्थितीत आल्यावर तर सगळेच म्हणू लागले की काका, तुम्हाला काय कमी आहे, सोडा आता. मीसुद्धा पहिल्या वर्षी असं म्हणाले.  काकांनी त्या दिवशीचं पत्र परत काढायला लावलं आणि "आय रिक्वेस्ट" खोडून "आय क्लेम" लिहायला लावलं. एवढं इंग्रजी त्यांना चांगलं कळायचं.

काकांना एक सवय होती. कुणी काहीही सांगितलं की विचारायचे, "लिवलाय काय?" नगरसेवक म्हणाला पुढच्या महिन्यात गटार होईल, लिवलाय काय? डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, लिवलाय काय? काकूंनी सांगितलं की आज माझा उपास आहे, तरी तेच. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा चाळा आहे. एकदा सुकट निवडत बसलेल्या काकूंनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. काकांचे वडील खाडीकडच्या मिठागरावर मजूर होते. पोरवयात लागले ते पाठीचा कणा वाकेपर्यंत तिथेच. मिठागर बंद झालं तेव्हा, इतकी वर्षं राबलो, काही मिळेल का, हे विचारायला ते मुनीमाकडे गेले. सोबत काका होते, तेव्हा शाळेत जाणारे. मुनीम म्हणाला, "तुझं नाव कुठे लिहिलंय का?" वह्या उघडल्या. मिठाच्या गोण्या लिहिलेल्या होत्या, गाड्या लिहिलेल्या होत्या. माणसं लिहिलेली नव्हती. बाप हात जोडून, "कृपा असू द्या" म्हणून परत फिरला. हे कळल्यावर मी पत्रात कृपया लिहायचं आपणहून बंद केलं.

पत्रं लिहायची पद्धत ठरलेली होती. महिन्याचा पहिला रविवार, काकांच्या ओटीवर. दुधाच्या पिशव्यांत घातलेल्या तीन फायली, काकूंचा कोरा चहा, आणि काका येरझारा घालत सांगणार. ते आपल्या भाषेत सांगायचे आणि मी त्याची सभ्य इंग्रजी करायचे. मग ते म्हणायचे, वाच. वाचलं की त्यांना आवाजावरून कळायचं की मी कुठे धार बोथट केली आहे. "इथं कायतरी खाल्लास तू," म्हणायचे, आणि बरोबर तिथेच खाल्लेलं असायचं.

जर्मनीवाल्यांनी एकदा विचारलं की तुमच्याबरोबर आलेल्या पाचही कामगारांची जन्मतारीख एक जून कशी? ही तारीख खरी आहे का? मी घाबरले. काका मात्र खूश झाले, कारण चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांची फाइल नीट वाचली होती. "लिव," म्हणाले, "आमच्या गावान सगली पोरां एकाच दिशी जल्मली. मास्तरांनी जल्माला घातली." मी ते जरा सावरून लिहिलं: आमच्याकडे तेव्हा बाळंतपणं घरी व्हायची, तारीख कुणी टिपून ठेवायचं नाही, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आणि नाव घालताना मुलाचं वय सहा बसावं म्हणून मास्तर सरसकट एक जून टाकायचे. पासपोर्टवरही तीच, म्हणून कायद्याने तीच खरी. उत्तर आलं की खुलासा समाधानकारक आहे. काकांनी ते पत्र चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्या भाडेकरूंना नेऊन दाखवलं.

बेल्जियम मात्र हलत नव्हतं. पत्र गेलं की सहा-आठ आठवड्यांनी तेच उत्तर यायचं: या आडनावाची आणि या जन्मतारखेची व्यक्ती आमच्या नोंदीत नाही. तिथला कारखाना बंद पडलेला, पगाराच्या चिठ्ठ्या एका पावसाळ्यात भिजून लगदा झालेल्या. काकांकडे होता तो एक फोटो, भल्यामोठ्या पाइपसमोर पाच जण हेल्मेट घालून उभे. आणि गोष्टी होत्या. बेल्जियमच्या गोष्टी काका फार रंगवून सांगायचे. त्यातली सगळ्यात आवडती ही की तिकडे त्यांना कुणी त्यांच्या नावाने हाक मारलीच नाही. पहिल्या दिवशी फाटकावरच्या कारकुनाने पासपोर्ट उघडला, भलतंच नाव वाचलं आणि बिल्ल्यावर छापून टाकलं. चौदा महिने सगळे त्यांना "मस्यू बाळाराम", म्हणजे आपलं श्रीयुत बाळाराम, म्हणायचे. बाळाराम हे त्यांच्या वडिलांचं नाव. काका जर्मनीला जायच्या आधीच ते वारले होते. "मी बी काय बोल्लू नाय," काका सांगायचे. "बोल्लू, जिता होता तवा कोनी त्याला अरे बाळारामच्या म्होरं गेला नाय. आता मस्यू झालाय तं होऊं दे."

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की ते "पयल्या दिशी" म्हणाले की मी चहाचे कप उचलायला घ्यायचे. इंग्रजीची शिक्षिका मी, मुलांना उतारा नीट वाचा म्हणून ओरडणारी. तीस पत्रं लिहिली आणि प्रत्येकात काकांचं आडनाव ठळक अक्षरात घातलं. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही याची मला अजून लाज वाटते.

चौथ्या कराराच्या वेळी ते लक्षात आलं. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन ओटीवर बसला होता. ऑनलाइन फॉर्मात स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने. त्याने घाईत शेवटच्या दोन रकान्यांत अदलाबदल केली आणि छापील कागद काकांपुढे धरला. काकांनी चष्मा लावून पाहिलं. "यो कोन?" एजंट म्हणाला, "सॉरी काका, वडलांचं नाव आडनावात गेलं. बदलतो."

मी कप उचलत होते ती तशीच थांबले. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. काकूंना काय ते कळेना. "बाय," काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते मना बाळारामच्या खाली शोधत नसतील." मग खुर्चीत बसले आणि बराच वेळ आपल्याच गुडघ्यावर थापट्या मारत राहिले. आपल्याकडे आपलं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये बाप उभा असतो हे फाटकावरच्या कारकुनाला कोण सांगणार? पासपोर्टवर आडनाव आधी छापलेलं आणि शेवटी दिसलं ते बापाचं नाव, तेच त्याने आडनाव धरलं. आणि चाळीस वर्षं हसत हसत गोष्ट सांगणाऱ्या काकांनाही वाटलं नाही की बिल्ल्यावर जे छापलं तेच पुढे विम्याच्या नोंदीतही गेलं असेल.

त्या रविवारचं पत्र चार ओळींचं होतं. उत्तर पाच आठवड्यांत आलं. बाळाराम या आडनावाची, एक जून जन्मतारखेची व्यक्ती नोंदीत आहे. विमा भरलेले महिने चौदा. मी मोठ्याने वाचलं आणि मला रडू आलं. काकू देवापुढे साखर ठेवायला गेल्या. पण पत्राला दुसरं पान होतं. आपणच ती व्यक्ती आहात असं शपथेवर लिहून तीन महिन्यांत पाठवा, अन्यथा आपली फाइल बंद करण्यात येईल.

हे अगदी सोपं काम. कल्याणच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यांच्याकडे या मजकुराचा साचाच तयार असतो. मी, अमुक, ऊर्फ तमुक, शपथेवर लिहून देतो की दोन्ही नावांची व्यक्ती एकच. आम्ही गेलो, काका निळं जाकीट घालून. टायपिस्टने दहा मिनिटांत कागद काढून दिला. काकांनी वाचला, घडी घातली आणि परत त्याच्या टेबलावर ठेवला.

"सही नाय करनार."

"काय चुकलं काका?" टायपिस्टने विचारलं.

"ऊर्फ. बाळाराम माजा बाप हाय. बापाला ऊर्फ करू मी?"

"अहो, दिवसाला पन्नास ऊर्फ टाइप करतो मी. कोणी बघत पण नाही. साहेब लोकांची पण असतात."

"असतील. कागदान काय लिवलाय बग, मी आनि बाळाराम एकच मानूस. नाय. तो मिठान मेला. मी पाइप जोरलं. दोघांचं हात येगलं होतं."

मी समजावलं, मग विनवलं, आणि परतीच्या रिक्षात मात्र माझा पारा चढला. मी म्हणाले, काका, हा निव्वळ हट्ट आहे. एका सहीसाठी चौसष्ट महिने पाण्यात घालताय. तीस पत्रं लिहिलीत मी, माझे रविवार गेले त्यात, काकूंचं आयुष्य गेलं. काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "खोटा लिवून गावलेला माजा नाय होनार." मी रिक्षातून उतरले ती सरळ घरात गेले. दोन रविवार ओटीवर फिरकले नाही. ते नळ आवळायला आले तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

तिसऱ्या रविवारी भाजी चिरताना एकदम सुचलं आणि मी तशीच विळी टाकून खाली गेले. बाळाराम हा काकांचा ऊर्फ आहे हे काकांना पटवायचं कशाला? तो नाही हे बेल्जियमलाच पटवू. बाळाराम तिथे जाऊ शकलाच नसता, कारण तो आधीच मेलेला होता. त्याच्या मृत्यूची नोंद मिळाली तर?

गावची दप्तरं ग्रामपंचायत गेल्यावर महापालिकेच्या कचेरीत आली होती. तिथल्या बाईंनी तीन खेपा घालायला लावल्या आणि चौथ्या खेपेला एक जुनं रजिस्टर टेबलावर आपटलं. काका पानं उलटायला धजेनात, म्हणून मी उलटत गेले. सापडलं. निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात: नाव बाळाराम, धंदा मिठागर मजूर, वय अंदाजे. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांनी काही घाई केली नाही.

"लिवलाय," म्हणाले. "बग बाय, लिवलाय त्याला. मिठागर मजूर." मग जरा वेळाने, "मेल्यावर लिवला."

त्या रात्री मी पत्र लिहिलं ते काकांनी न सांगता. सकाळी त्यांना वाचून दाखवलं. आमच्याकडे नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये वडलांचं नाव लिहितात, ते तुमच्या कारखान्याच्या फाटकावर आडनाव समजलं गेलं, असं आधी समजावलं होतं. शाळेचा दाखला, पासपोर्ट, पाच जणांचा फोटो जोडला होता. आणि शेवटी असं: "ज्या नावाने तुम्ही चौदा महिन्यांचा विमा नोंदवला आहे, तो माणूस ते महिने सुरू होण्याच्या सहा वर्षं आधी वारला. मृत्यूचा दाखला सोबत आहे. मेलेल्या माणसाने तुमच्याकडे पाइप जोडले असं तुमचं म्हणणं असेल तर तसं लेखी कळवा. नसेल तर ते त्याच्या मुलाने जोडले. चूक तुमच्या बाजूला झाली आहे, दुरुस्तीही तुम्हीच करायची आहे. ऊर्फ म्हणून सही मिळणार नाही."

काका ऐकत उभे होते. संपल्यावर म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. "कुठंच खाल्ला नायस," म्हणाले, आणि आत जाऊन जाकीट घालून आले.

पुढचा दीड महिना मी इतकी घाबरलेली होते की शाळेतून येताना टपालपेटीकडे बघायचे नाही. मुदतीच्या नऊ दिवस आधी लिफाफा आला. काका नेहमीसारखे फाटकात उभ्यानेच फोडायला गेले आणि फोडू शकले नाहीत, माझ्या हातात दिला. नोंदीत दुरुस्ती करण्यात आली आहे. काकांचं स्वतःचं नाव, मध्ये बाप, मग आडनाव, सगळं क्रमाने आणि अचूक. विमा भरलेले महिने चौदा. ही माहिती जर्मनीच्या कचेरीला कळवण्यात आली आहे.

दोन महिन्यांनी जर्मनीचंही पत्र आलं. पेन्शनचा आकडा काही सांगण्यासारखा नव्हता. नवरा म्हणाला, काका, पार्टी किती मोठी समजायची? काका म्हणाले, "पैसं नको वाचू. वर्सा वाच." मी महिने वाचले. जर्मनी पन्नास, बेल्जियम चौदा, धरलेले एकूण चौसष्ट. त्यांनी मान हलवली आणि पाना घेऊन वर गेले, तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी नळ गळत होता. मात्र ते पहिलं, बाळाराम सापडल्याचं पत्र त्यांनी फायलीत ठेवलं नाही. फ्रेम करून वडलांच्या फोटोखाली लावलं. मी म्हटलं, काका, ही नोंद तर आपण चुकीची ठरवली. म्हणाले, "असू दे. चौदा म्हयनं तरी कोनी त्याला कामावर धरला होता."

पुढच्या करारात ते कलम नसेल असं मला वाटलं होतं. होतं, तसंच. बाकीच्या चौघांपैकी एकाची बायको नवऱ्याच्या बेल्जियममधल्या महिन्यांचं पत्र लिहून घ्यायला आली होती, मग तिच्या नातवंडांच्या ओळखीतली, हॉलंडहून जर्मनीला आणि तिथून घरी परतलेली एक कॉम्प्युटरवाली मुलगी आली. काकांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "वाटा परत घेतलास काय?" तिने नाही म्हटल्यावर तिच्यासाठी त्यांनी स्वतः उठून खुर्ची आणली.

आम्ही नंतर ठाण्याला माजिवड्यात स्वतःचं घर घेतलं. पहिला रविवार मी तरीही सोडला नाही. काका गेले तेही असेच कुठलाही गाजावाजा न करता, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. पाना उशाशी होता. निळं जाकीट घालूनच न्यायचं असं काकूंनी सांगितलं, आणि आम्ही तसंच केलं.

दीड महिन्याने काकूंचा फोन आला, बेल्जियमचा कागद आलाय, तू ये. मी गेले. पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी पाठवतात तो हयातीचा फॉर्म होता. आपण जिवंत असल्याचं अमुक तारखेपर्यंत कळवा. आता तो काकांच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत परत पाठवायचा, म्हणजे काकूंच्या नावे विधवेचा वाटा सुरू होण्याची वाट मोकळी होणार होती. मी पेन काढलं आणि वरचं नाव वाचलं. मस्यू बाळाराम. त्या कचेरीच्या कुठल्या तरी टेबलावर दुरुस्ती पोहोचलीच नव्हती.

मी काकूंना सांगितलं. मी म्हणाले, असंच भरून पाठवलं तरी चालेल बहुतेक, नाहीतर उगाच चार-सहा महिने जातील, तुमचं अडेल. काकू फ्रेमकडे बघत होत्या. मग दुधाच्या पिशवीतून कोरा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

मी लिहिलं: "आपला फॉर्म मिळाला. बाळाराम हयात नाहीत. ते कधी वारले त्याचा दाखला तुमच्याकडे आहेच. तुम्हाला त्यांच्या मुलाबद्दल विचारायचं असेल तर आधी त्याचं नाव नीट लिहून फॉर्म पुन्हा पाठवा. मग तो हयात आहे की नाही ते आम्ही कळवू."

काकूंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कृपया नाय ना लिवलास?"

"नाही."

"मंग टाक पोस्टान."